तिथीची पाऊणपट

हरिहरेश्वरला प्रदक्षिणा घालायची तर देवाच्या आधी समुद्राची परवानगी काढावी लागते. श्रीवर्धन तालुक्याच्या दक्षिण टोकाला, सावित्री नदी अरबी समुद्राला मिळते तिथे, डोंगराच्या कुशीत हे देऊळ आहे; पेशव्यांचे कुलदैवत. काळभैरवाच्या देवळामागून वाट डोंगरावर चढते आणि मग दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. खाली लाटांनी कापून सपाट केलेला काळ्या खडकाचा पट्टा, बाजूच्या कड्याला मधाच्या पोळ्यासारखी भोके. या खडकावरून डोंगराला वळसा घालत परत देवळाशी यायचे, ही प्रदक्षिणा. ओहोटीला खडक उघडा असतो, भरतीला त्यावर लाटा फुटतात आणि मध्येच अडकलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकते. त्यामुळे इथे श्रद्धेच्या आणि पायातल्या बळाच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते: आज पाणी किती वाजता उतरेल याचा हिशेब.

हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर तोंडी होत आला आहे. आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनला. अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून दुपारचे तीन आणि पहाटेचे तीन दोन्ही त्यात आले. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. पक्ष शुद्ध असो की वद्य, पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की मोजणी पुन्हा एकापासून. एवढाच नियम. घड्याळ, भिंतीवरचे कॅलेंडर आणि पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, यांच्यापलीकडे त्याला काही लागत नाही.

गणित मुलांना गोड वाटावे म्हणून अलीकडे पुष्कळ खटपट चालते. इतिहासातल्या गोष्टी सांगा, सणांतले गणित दाखवा, बाजारहाट वर्गात आणा, असे सुचवले जाते. सूचना चांगलीच आहे, पण तिच्यात एक गफलत दडलेली असते. संदर्भ दोन प्रकारचे असतात. एक सजावटीचा: रमेशने बारा आंबे घेतले, त्यातले पाच सुरेशला दिले. आंब्यांच्या जागी गोट्या किंवा हत्ती घातले तरी उदाहरणाला फरक पडत नाही, आणि मुलांना हे फार लवकर कळते. दुसरा गरजेचा: त्यातून गणित काढून घेतले तर प्रश्नच मुका होतो. भरतीची वेळ हा दुसऱ्या प्रकारचा संदर्भ आहे. उत्तर बरोबर आले की नाही हे शिक्षकांनी तपासायचीही गरज उरत नाही, समुद्र ते दोनदा तपासतो. माझे म्हणणे असे की गणिताची गोडी लागते ती या दुसऱ्या प्रकाराने. पहिल्याने लागलीच तर गोष्टीची लागते.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'कडे या नजरेने पाहण्यासारखे आहे. ते जन्मले १११४ साली आणि 'लीलावती' त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी पुरी केली. सामान्य वाचकाला त्यातले भुंगे, हंस, कमळे आणि मोर-साप एवढेच ठाऊक असतात. ही उदाहरणे देखणी आहेत, पण बरीचशी सजावटीची. ग्रंथाचा कणा दुसरीकडे आहे. खातव्यवहार म्हणजे खोदकामाचे मोजमाप, चितिव्यवहार म्हणजे विटांच्या रचाईचे, क्रकचव्यवहार म्हणजे करवतीने लाकूड कापण्याच्या मजुरीचे, राशिव्यवहार म्हणजे धान्याच्या ढिगाचे, छायाव्यवहार म्हणजे सावलीवरून उंची काढण्याचे. प्रकरणांची ही नावे वाचताना आपण बाजारातून, बांधकामावरून, खळ्यावरून फिरून येतो. गणितासाठी खळे शोधायला भास्कराचार्यांना जावे लागले नाही, खळ्यावर ते होतेच. मुलांसमोर मांडताना आपण भुंगे उचलले आणि खळे टाकून दिले, ही निवड आपली आहे.

आता पाऊणकीकडे येऊ. जुन्या मराठी शाळांत बे ते तीसचे पाढे झाले की अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. पाऊणकीचे आकडे एकदा मोठ्याने म्हणून पाहा: एकाचे पाऊण, दोनांचे दीड, तीनांचे सव्वादोन, चारांचे तीन, पाचांचे पावणेचार, सहांचे साडेचार, सातांचे सव्वापाच, आठांचे सहा. हे कानाला पाढ्यासारखे लागत नाही, कोणी वेळ सांगत असल्यासारखे लागते. पावणे, सव्वा आणि साडे हे शब्द मराठीत गणिताचे जितके, तितकेच घड्याळाचे. म्हणून तिथीची पाऊणपट करणाऱ्याला अपूर्णांकांचा गुणाकार केल्याची जाणीवही होत नसे. तीन चतुर्थांश गुणिले सात असे फळ्यावर लिहिले की पाचवीतले मूल बिचकते. तेच मूल 'पावणेसहाची गाडी' बिनधास्त म्हणते.

इथे थोडे विषयांतर करतो. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रात रान उठले. विधानसभेपासून समाजमाध्यमांपर्यंत थट्टा झाली. गणित विषयाच्या समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत राहिल्या की मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, या उलटापालटीत लहान मुले अडखळतात. त्यांचा उपाय पटो न पटो, मुद्दा खरा होता. पण मला लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. संख्यानामांसाठी एवढा कल्लोळ करणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना पाऊणकी आठवत होती. ती शाळेतून कधी निघून गेली, कोणाला कळलेही नाही. तिच्यासाठी मोर्चा तर सोडाच, एक विनोदसुद्धा झाला नाही.

नियम चालतो का, हा खरा प्रश्न. आणि का चालतो, हा त्याहून मोठा. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते, ३६० अंशांत ३० तिथी. आकाशाच्या एका फेरीचे ३६० अंश म्हणजे घड्याळाचे २४ तास; मग १२ अंश म्हणजे ४८ मिनिटे. प्रत्येक तिथीला चंद्र माथ्यावर यायला ४८ मिनिटे उशीर करतो, आणि भरती चंद्रामागून येणारी असल्यामुळे तीही तितकीच मागे पडते. जुन्या कालगणनेत घटका २४ मिनिटांची असे, म्हणजे उशीर नेमका दोन घटकांचा. घटकांत बोलायचे तर पाऊणकीचीही गरज नाही: तिथीची दुप्पट करा, भर दुपारनंतर तितक्या घटकांनी भरती. पंधरा तिथींत हा उशीर बारा तासांचा होतो आणि भरती तर साधारण बारा-साडेबारा तासांनी येतेच. म्हणून दोन्ही पक्षांना एकच नियम पुरतो.

चाणाक्ष वाचक इथे अडवेल. ४८ मिनिटे म्हणजे तासाचा चार पंचमांश, मग नियमात पाऊण कुठून आले? प्रत्येक तिथीमागे तीन मिनिटे चुकली, तर पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची चूक व्हायला हवी. ती होत नाही, आणि याचे कारण फार सुंदर आहे. आज चतुर्थी आहे याचा अर्थ चार तिथी संपल्या असा होत नाही. तीन संपल्या, चौथी चालू आहे, म्हणजे सरासरी साडेतीन झाल्या. काटेकोर हिशेब करायचा तर तिथीतून अर्धा वजा करून ४८ने गुणायला हवे. चतुर्थीला साडेतीन गुणिले ४८ म्हणजे १६८ मिनिटे, भरती २ वाजून ४८ मिनिटांनी. पाऊणपट सांगते तीन. अष्टमीला साडेसात गुणिले ४८ म्हणजे बरोबर ३६० मिनिटे, सहा वाजता; पाऊणपटही सहाच. एकादशीला ८ वाजून २४ मिनिटे, पाऊणपट सव्वाआठ. पौर्णिमेला ११ वाजून ३६ मिनिटे, पाऊणपट सव्वाअकरा. दोन्ही टोकांना २१ मिनिटांची चूक, मधोमध शून्य. अर्धा वजा करायची कटकट आणि चार पंचमांशाचा अवघड गुणाकार, दोन्ही एकाच पाऊणकीत मिटवले आहेत. हा आडाखा कोणा गणितीच्या नावावर नाही, पण जवळपास बरोबर येणारा सोपा अपूर्णांक निवडणे हे गणितज्ञाचेच काम आहे.

'जवळपास'वरच काहींचा आक्षेप असतो. गणित म्हणजे अचूकता, मुलांना अदमास शिकवून आपण शिस्त बिघडवतो, असे त्यांना वाटते. उलट, चूक किती आहे आणि कोणत्या बाजूला आहे हे सांगता येणे ही अचूकतेची वरची पायरी आहे. वर केलेला चतुर्थी-अष्टमी-पौर्णिमेचा हिशेब आठवीच्या मुलाच्या आवाक्यातला आहे, आणि 'पाऊणपट कुठे फसते' हा प्रश्न 'पाऊणपट किती' यापेक्षा कितीतरी रसदार आहे. शिवाय समुद्राचे स्वतःचे नखरे आहेतच. सूर्याचीही ओढ असते, चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमाराला ते काटकोनात असतात तेव्हा भांगाची. याच ओढाताणीमुळे उधाणाच्या दिवसांत भरती रोज ४८ मिनिटांहून कमी उशीर करते आणि भांगाच्या दिवसांत तासाहूनही जास्त. वारा आणि पावसाळा यांची भर वेगळी. त्यामुळे नियमात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, आणि डोंगराखालच्या खडकावर अर्धा तास ही थोडी गोष्ट नव्हे.

ती थोडी का नव्हे, यातही गणित आहे. पाणी सहा तासांत एकसारखे चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा: एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा ओहोटी आणि भरती यांत तीन मीटरचे अंतर आहे. मग पहिल्या तासात पाणी जेमतेम २५ सेंटिमीटर चढते आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात ७५ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला सेंटिमीटरहून जास्त. जत्रेतला आकाशपाळणा आठवा. अगदी तळाशी आणि अगदी माथ्यावर पाळणा क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटतो, मधल्या उंचीवर मात्र पोटात गोळा येतो. फिरण्याचा वेग तोच असतो, उंची बदलण्याचा वेग बदलतो. पूर्ण ओहोटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा एकेक तास हा पाळण्याचा तळ आहे, प्रदक्षिणेची मुभा तेवढीच.

या पाळण्याच्या उंचीचे कोष्टक आर्यभटाने ४९९ साली दिले. वर्तुळाचा पाव भाग घेऊन त्याचे २४ तुकडे, प्रत्येक तुकड्याला एक 'ज्या'. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी हा शब्द 'जीबा' असा उचलला. त्यांच्या लिपीत स्वर गाळून लिहिलेला तो शब्द पुढे 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे कपड्याचा घोळ, खिसा. आपला 'जेब' तोच. बाराव्या शतकात युरोपात भाषांतर करणाऱ्यांनी त्या खिशाचे लॅटिन केले 'सायनस', आणि त्यावरून आला साइन, ज्याच्या भीतीने दहावीची मुले झोप घालवतात. बारा भागांचा नियम या साइनचाच ओबडधोबड अवतार आहे. पहिल्या दोन तासांत मिळून तीन बारांश म्हणजे पाव चढ होतो. सहा तासांत पाळणा अर्धे वर्तुळ फिरतो, म्हणजे दोन तासांत साठ अंश, आणि तिथे कोष्टकावरूनही नेमका पावच चढ निघतो. शब्दाचा हा प्रवास वर्गात सांगितला तर मुले हसतील. पण साइन त्यांना कळेल तो तीन मीटर पाण्याचा आलेख काढल्यावर. इतिहासाने दार उघडते, आत जायला आलेख लागतो.

पुढचा आक्षेप रोखठोक आहे. भरतीची वेळ मोबाईलवर मिनिटासकट मिळते, मग ही उठाठेव कशाला? मोबाईलमध्ये ती वेळ येते कुठून ते पाहा. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८पासून पाण्याची उंची मोजली जात आहे. त्याच सुमारास लॉर्ड केल्विन यांनी कप्प्या आणि दोऱ्यांचे एक यंत्र बांधले होते. चंद्राची एक लाट, सूर्याची एक, चंद्र जवळ-लांब होण्याची आणखी एक, अशा कित्येक लाटांची बेरीज ते फिरवता फिरवता कागदावर काढून देई. १८७९ साली तसलेच एक यंत्र खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी तयार झाले. आज सर्व्हे ऑफ इंडिया भरती-ओहोटीची कोष्टके छापते. कप्प्यांची जागा संगणकाने घेतली असली तरी बेरीज तीच आहे. पाऊणकीत फक्त पहिली लाट धरलेली आहे, कोष्टकात पुष्कळ. मोबाईल वापरावाच, प्रदक्षिणेला निघताना तर नक्कीच. पण ज्याला पहिली लाट कळली त्याच्या दृष्टीने मोबाईलवरचा आकडा आकाशवाणी राहत नाही. आकडा मुंबईचा असेल, आपण सावित्रीच्या मुखाशी आहोत, थोडा फरक पडेल, एवढे तरी त्याला सुचते. खंबातच्या आखातात भावनगरला तर भरती मुंबईनंतर काही तासांनी येते, तिथे कोकणी पाऊणकी साफ फसेल.

यातूनच कोणी म्हणेल, किनाऱ्यावरच्या मुलांचे भागले, गोंदियाच्या मुलाने काय करायचे? त्याने समुद्राची पाऊणकी पाठ करू नये, एवढे नक्की. गोंदिया-भंडाऱ्याकडे मालगुजारी तलाव आहेत. तलावात किती पाणी, किती शेतीला किती दिवस पुरेल, हा भास्कराचार्यांचा खातव्यवहारच आहे. राज्यभर एकच पुस्तक छापायचे तर संदर्भ आपोआप सजावटीचे होतात, कारण आंबा सगळ्यांना चालतो. गरजेचा संदर्भ गावाचा असतो, तो पुस्तकात मावत नाही, शिक्षकालाच शोधावा लागतो. हे काम कष्टाचे आहे आणि वर्गात साठ मुले असताना ते फुकटचे सल्ले देण्याइतके सोपे नाही, हेही मान्य करतो. आणखी एक मान्य करायला हवे. सगळ्या गणिताला असा संदर्भ नसतो, असावा असा हट्टही नको. मूळ संख्या कधी संपत नाहीत हे सांगायला ना खळे लागते ना समुद्र. तिथे कल्पनेचा आनंद पुरेसा असतो.

शेवटचा धोका आपल्याच माणसांकडून. संस्कृती आणि गणित एकत्र आले की 'आमच्याकडे सगळे आधीच होते' हा सूर लागतो. वैदिक गणिताचे उदाहरण घ्या. ते पुस्तक १९६५ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले, आणि त्यातली सूत्रे उपलब्ध अथर्ववेदाच्या परिशिष्टांत सापडत नाहीत. झटपट गुणाकाराच्या युक्त्या म्हणून त्या चांगल्या आहेत. त्यांना वेदांचे वजन कशाला? याउलट हरिहरेश्वरच्याच जिल्ह्यातल्या, अलिबागजवळच्या नागावात १८२५ साली जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे पाहा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्यांनी काम केले, पुढे प्राध्यापक झाले, टिळक त्यांचे विद्यार्थी. जुन्या पंचांगातले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळेनासे झाले होते. छत्र्यांनी परंपरेच्या नावाने डोळे मिटले नाहीत. नव्या वेधांवर आधारलेली 'ग्रहसाधनांची कोष्टके' १८६० साली मराठीत आणली, आणि त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग उभे राहिले. पंचांगावर प्रेम होते म्हणून ते दुरुस्त केले. मुलांना गणिताचा इतिहास सांगायचा तर मी आधी ही गोष्ट सांगेन, शून्याच्या शोधाची नंतर.

पाऊणकी एकदा हाताशी असली की भिंतीवरचे कॅलेंडर वेगळे दिसू लागते. आपले सण तिथीवर बेतलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक सणाला भरतीची वेळ दरसाल जवळपास ठरलेली असते. नारळी पौर्णिमेला दर्या दुपारी बाराच्या आसपासच उधाणतो. अनंत चतुर्दशीला भरती साडेदहाच्या सुमाराला आणि ओहोटी पाचच्या आतबाहेर. मिरवणूक रात्रभर चालून पौर्णिमेची सकाळ उजाडली तर पुढची भरती दुपारच्या तोंडावर गाठते. २०२५ साली मुंबईत एका नामांकित गणपतीचे विसर्जन भरतीमुळे कित्येक तास लांबले ते अशाच वेळी. हरिहरेश्वरला महाशिवरात्रीला गर्दी होते. ती माघ वद्य चतुर्दशी; चौदांची पाऊणपट साडेदहा, म्हणजे पाणी उतरलेले असणार साडेचार-पाचच्या सुमाराला, पहाटे आणि संध्याकाळी. तिथे जाल तेव्हा गाडीत बसल्या बसल्या हा हिशेब मुलांकडून करून घ्या, आणि घळीच्या पायऱ्या उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारून ताळा पाहा. तो नको म्हणाला तर उतरू नका.